मु. पो. बाणेर ॲनेक्स

सूस नेमकं कुठं आहे, हे विचारणारा कोण आहे यावर ठरतं. फ्लॅट विकायला काढला असेल तर सूस बाणेरला अगदी खेटून आहे. जाहिरातीत त्याचं नाव ‘बाणेर ॲनेक्स’. कोथरूडच्या आत्याला वास्तुशांतीला बोलवायचं असेल तर ते पाषाणच्या जरासं पुढं, ‘खिंड ओलांडली की आलंच’. रिक्षावाल्याच्या लेखी ते लोणावळ्याच्या आसपास असावं, निदान भाडं तरी तो तसंच सांगतो. महापालिकेनं आम्हाला 2021 च्या जूनअखेरीस पुणे शहरात घेतलं. तेवीस गावं एका दमात शहरात आली, त्यांत आम्ही होतो. महसूल खात्याला मात्र ही बातमी अजून पटलेली नाही. त्यांच्या दप्तरी आम्ही तालुका मुळशी, तहसील कचेरी पौड. म्हणजे मालमत्ता कर पुण्याचा, दाखले पौडचे. पाणी टँकरचं, ते कुठल्याच हद्दीत बसत नाही.

एरवी या गोंधळाचं कुणाला सोयरसुतक नसतं. माणूस हिंजवडीला कामाला जातो, बाणेरला कॉफी पितो, सूसला झोपतो आणि रेझ्युमेवर ‘पुणे’ लिहितो. पण जून उजाडतो, सीईटीचा निकाल लागतो आणि आपण नेमके कुठले, हा प्रश्न प्रत्येक घरात पंख्याखाली बसून सोडवावा लागतो. आपण घरचे की बाहेरचे, हे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाइतक्या काटेकोरपणे आयुष्यात पुन्हा कुणी विचारत नाही. सोयरीक जुळवतानासुद्धा लोक जिल्ह्यापाशी थांबतात.

आधी निकालाचं सांगतो. पूर्वी मुलाला किती पडले असं विचारलं की ‘एकोणऐंशी’ असं सुटसुटीत उत्तर यायचं आणि विचारणारा पेढा तोंडात टाकून मोकळा व्हायचा. आता पर्सेंटाइल असतं, आणि ते दशांश चिन्हानंतर सात आकडे असतं. सात! सोनारसुद्धा एवढं बारीक तोलत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या चिरंजीवाला 98.8 आणि पुढं सहा आकडे असं पर्सेंटाइल पडलं. स्वतःच्या बायकोचा मोबाइल नंबर ज्यांना पाठ नाही, अशा चार माणसांना ते सहाही आकडे लिफ्टमध्ये पाठ म्हणताना मी ऐकलं आहे. एकाने तर मोठ्या कळवळ्यानं विचारलं, “चौथ्या दशांशाला कमी पडला का हो? की पेपरच अवघड होता?”

मग उघडतात गेल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या. या याद्या वाचता येणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. प्रत्येक रकान्यावर एकेक मंत्र असतो: जीओपनएच, जीओपनओ, एलओपनएस. पहिलं अक्षर मुलगा-मुलगी सगळ्यांसाठी की फक्त मुलींसाठी ते सांगतं, मधलं प्रवर्ग सांगतं, आणि खरी मेख शेवटच्या अक्षरात. एच म्हणजे तुम्ही त्या कॉलेजच्या घरच्या विद्यापीठातले. ओ म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातून आलेले. एस म्हणजे अख्खं राज्य एका पंक्तीला. जिथं ही विभागणी आहे तिथं 70 टक्के जागा घरच्यांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना. इथं अजून परराज्याचा विषयसुद्धा निघालेला नाही, हे लक्षात घ्या. ही आपल्याआपल्यातली भाऊबंदकी आहे.

आता घरचा कोण? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अंगणात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे येतात. त्यामुळे गुजरातच्या वेशीवरच्या सुरगाण्याचा मुलगा पुण्याच्या कॉलेजात घरचा. आणि शिरवळचा? नीरा नदीचा पूल ओलांडला की शिरवळ. तिथली माणसं सकाळी पुण्यात कामाला येऊन संध्याकाळी घरी जेवायला जातात. पण सातारा जिल्हा शिवाजी विद्यापीठाचा, म्हणून बारावी तिथं केलेला मुलगा बाहेरचा. सोलापूरनं तर 2004 साली स्वतंत्र चूल मांडली, एका जिल्ह्याचं एक विद्यापीठ. शिवाय मुलानं बारावी कुठं केली यावर घर ठरत असल्यानं, पुण्यातला जो मुलगा मोठ्या हौसेनं ‘लातूर पॅटर्न’ शिकायला दोन वर्षं लातूरला ठेवला जातो, तो परत येतो तेव्हा कागदावर नांदेडच्या विद्यापीठाचा झालेला असतो. आईबाप कर्वे रस्त्यावर, मुलगा मराठवाड्याचा.

आमच्या सेक्रेटरींचं दुखणं याच्याही आधीचं निघालं. ते स्वतः सांगलीचे, सासुरवाडी इंदूरची. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीनं वहिनी सातव्या महिन्यात इंदूरला गेल्या आणि चिरंजीव तिथं जन्माला आले. तेव्हा बारशाला घुगऱ्या खाणाऱ्या एकाही बाईच्या मनात आलं नाही की हे पोर परराज्यात जन्मतंय. पण शाळेच्या दाखल्यावर तो रकाना आहेच: जन्मस्थळ. प्रवेशाच्या नियमात ‘ए टाइप’ उमेदवार तो, ज्यानं दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून केली आणि जो एकतर महाराष्ट्रात जन्मला किंवा ज्याच्याकडे महाराष्ट्राचा अधिवास दाखला आहे. दहावी-बारावी झाली होती. जन्म हुकला होता.

सेक्रेटरींनी हा मुद्दा रात्री जेवताना काढला. “तेव्हा इंदूरला जायची एवढी काय घाई होती?”

वहिनींनी ताटातली पोळी मोडायची थांबवली. “इथं राहिले असते तर डिंकाचे लाडू कुणी केले असते? तुमच्या आईनी?”

सतरा वर्षं दोन्ही घराण्यांनी शहाणपणानं मिटवून ठेवलेला विषय सीईटीच्या एका रकान्यानं पुन्हा उघडला. दुसऱ्या दिवशी डब्याला शेपूची भाजी गेली, आणि तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी मला घेऊन पौडला निघाले. मला का, तर माझा हस्ताक्षरावर आणि अर्जाच्या भाषेवर बरा हात आहे अशी सोसायटीत एक अफवा आहे.

सूस ते पौड हा रस्ता जुलैत फार सुरेख असतो. नांदे, लवळे, पिरंगुट. भाताची खाचरं पाण्यानं भरलेली, डोंगर धुक्यात, आणि मध्येच माथ्यावर सिम्बायोसिसच्या इमारती एखाद्या किल्ल्यासारख्या दिसतात. सेक्रेटरींना यातलं काही दिसत नव्हतं. ते मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी धरून बसले होते, लग्नात नवरीच्या मामानं दागिन्यांची पेटी धरावी तसे.

सेतू केंद्रातल्या ताईंनी फाइल उलटसुलट पाहिली. “पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो, काका.”

“हे वीजबिल.”

“हे आठ वर्षांचं आहे.”

“आमची बिल्डिंगच आठ वर्षांची आहे.”

“त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी वाकड. त्याच्या आधी निगडी. भाड्यानं. मध्ये दीड वर्षं कंपनीनं बंगळूरला पाठवलं होतं.”

ताईंनी वर पाहिलं. आवाजात राग नव्हता, नुसतं निदान होतं. “म्हणजे तुम्ही फिरते.”

रांगेत आमच्या मागं गावातले एक दादा उभे होते. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती पूर्वी त्यांची. आमच्या बी विंगच्या जागी त्यांचा गोठा होता आणि क्लबहाउस आहे तिथं चिंच. पार्किंगमध्ये अजून कधीतरी वाट चुकलेली म्हैस येते ती जुन्या ओळखीनं. त्यांचा धाकटा याच वर्षी बारावी झालेला. जन्म इथला, शाळा इथली, पणजोबांपासून नावं सातबाऱ्यावर. ताईंनी त्यांची फाइल उघडायच्या आतच मिटली. “दादा, तुम्हाला कशाला लागतोय दाखला? जन्म इथलाच आहे ना पोराचा?” दादा म्हणाले, “नाय, असू द्या म्हटलं एक घरात.” आमच्या सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे भाव उमटले, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर त्याआधी फक्त टँकर दुसऱ्या सोसायटीत वळताना पाहिले होते.

दाखला शेवटी मिळाला. वाकडच्या घरमालकाचा भाडेकरार, निगडीच्या बालवाडीची पावती आणि लसीकरणाचं कार्ड जोडून पंधरा वर्षं कशीबशी शिवली. पोलिओच्या डोसांनी एका भावी इंजिनिअरला वाचवलं.

‘ए’ झाला, पण नियमांची बाराखडी तिथं थांबत नाही. ‘बी’ म्हणजे आईबापाच्या अधिवासावर येणारे. ‘सी’ म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरीवर महाराष्ट्रात बदलून आलेल्यांची मुलं. हे आमच्या भागात पुष्कळ, कारण पाषाणला प्रयोगशाळांची रांगच आहे: एनसीएल, संरक्षण खात्याची शस्त्रांची एक आणि स्फोटकांची एक. सातव्या मजल्यावरचे निवृत्त शास्त्रज्ञ सांगतात की नोकरीत त्यांनी जे केलं ते गुप्ततेच्या शपथेमुळं घरीही सांगता यायचं नाही. पण मुलीच्या प्रवेशाच्या वेळी आपण महाराष्ट्रातच नोकरीला आहोत, एवढं सिद्ध करणारा कागद कार्यालयातून काढणं हे त्या सगळ्याहून अवघड गेलं. ‘डी’ म्हणजे राज्य सरकारी नोकरांची मुलं.

आणि मग ‘ई’. हा माझा सगळ्यात आवडता. महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमेवरची जी 865 गावं आपण आपली म्हणतो, बेळगाव, निपाणीकडची, तिथल्या मराठी मुलांसाठी हा प्रकार. सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून दावा पडून आहे, पण प्रवेशाच्या फॉर्मपुरता महाराष्ट्रानं तो जिंकून टाकलेला आहे. अट एवढीच की मुलाची मातृभाषा मराठी असल्याचा दाखला हवा. पुण्यातल्या मुलांना असा दाखला मागत नाहीत, ही सरकारची मोठी मेहेरबानी. आमच्या सोसायटीतल्या मुलांना तो मागितला असता तर ए विंगमधली दोन आणि वॉचमनचा मुलगा, एवढीच इंजिनिअर झाली असती.

एनआयटीचं गणित पुन्हा निराळं. तिथं निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना. महाराष्ट्रात एनआयटी एकच, नागपूरची. हे ऐकून पुण्यातली माणसं ‘वा, आपलं नागपूर’ म्हणतात. एरवी पुणेकर नागपूरला आपलं म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण तिथं राज्य ठरतं ते बारावी कुठं पास झालात यावर. जन्म, जात, अधिवास, आजोबांचा सातबारा, कशाकशाचा उपयोग नाही. सी विंगमधला एक मुलगा आठवीपासून कोट्याला होता आणि बारावीही तिथूनच झाला. पेशव्यांच्या वेळी घराणं कोकणातून पुण्यात आलं असं त्याचे आजोबा आल्यागेल्याला सांगतात. पण नागपूरच्या यादीत नातू राजस्थानी, आणि जयपूरच्या यादीत भूमिपुत्र. ‘कोट्याला गेला आणि कोटा गेला’ हा विनोद सेक्रेटरींनी त्या वर्षीच्या वार्षिक सभेत केला, गणपतीत केला, दिवाळी पहाटेला केला. आता इंदूर प्रकरणानंतर करत नाहीत.

या नागपूरच्या कॉलेजाला नाव आहे विश्वेश्वरय्यांचं. मला या योगायोगाची गंमत वाटते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचे. बंगळूरला बीए करून ते पुण्याला आले आणि ज्या शाळेची सुरुवात 1854 साली इंजिनिअरिंगचा एक छोटा वर्ग म्हणून झाली होती, तिथं दाखल झाले. पुढं तिचंच सीओईपी झालं आणि 2022 पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ. 1883 ला ते एलसीईला मुंबई इलाख्यात पहिले आले. आता हाच मुलगा आजच्या पोर्टलवर बसवून पाहा. जन्म महाराष्ट्राबाहेर, दहावीच्या तोडीचं शिक्षण बाहेर, बारावीच्या तोडीचं बाहेर. वडील केंद्राच्या नोकरीत नाहीत, राज्याच्याही नाहीत. मातृभाषा तेलुगू. ए नाही, बी नाही, सी, डी, ई काहीच नाही. मागं उरतात त्या देशभरासाठी ठेवलेल्या मूठभर जागा. तिथं जाऊन बसा म्हणावं, आणि सात दशांश घेऊन या.

तर या बाहेरच्या माणसानं पुढं खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडमीट होणारे दरवाजे बसवले, 1903 च्या सुमारास. पुणं ते पाणी अजून पितंय. सूसपर्यंत ते पुरेसं येत नाही, पण त्याचा दोष विश्वेश्वरय्यांना देता येणार नाही. त्यांच्या वेळी आम्ही शहरात नव्हतो.

हे सगळं मी माझ्या मावसबहिणीला फोनवर सांगत होतो. ती न्यू जर्सीला एडिसनमध्ये असते. तिला वाटेल, काय हा तुमच्याकडचा गोंधळ, अशी माझी तयारी होती. ती हसली नाही. तिची मुलगीही याच वर्षी. “अरे दादा, आम्ही तर आउट ऑफ स्टेटमध्ये मेलोय,” ती म्हणाली. वीस वर्षं राहिल्यावर अमेरिका तिची झाली होती, पण इंडियाना तिची नव्हती. मुलीला पर्ड्यू हवी. ते सरकारी विद्यापीठ, नील आर्मस्ट्राँग तिथला. त्या राज्यातल्या मुलाला वर्षाची फी दहा हजार डॉलरच्या आतबाहेर, आणि राज्याबाहेरच्याला जवळजवळ 29 हजार. 2013 पासून ही फी त्यांनी वाढवलेली नाही, हे तिनं मला अशा अभिमानानं सांगितलं की क्षणभर वाटलं तिचा प्रस्ताव होता. दुसरी निवड अटलांटाचं जॉर्जिया टेक. तिथं त्या राज्यातल्या मुलाला प्रवेश मिळण्याची शक्यता बाहेरच्याच्या दुपटीहून जास्त. “मग जॉर्जियात एक घर घ्या,” मी म्हटलं. “घेऊन चालत नाही, आधी वर्षभर तिथं राहून दाखवावं लागतं,” ती म्हणाली. म्हणजे तिची चौकशी करून झाली होती. पौडच्या ताई सगळीकडं आहेत.

तिच्या बोलण्यात आणखी एक भानगड निघाली: ऑनर्स. नुसता प्रवेश मिळून भागत नाही, ऑनर्स कॉलेजात वर्णी लागली पाहिजे, कारण त्या मुलांचं वसतिगृह वेगळं. पर्ड्यूनं 2016 साली त्यांच्यासाठी नवी इमारतच बांधली. वर्ग तिथंच, झोपणं तिथंच, प्राध्यापकांशी गप्पा तिथंच. माझी आई स्पीकरवर हे ऐकत पालक निवडत होती. “म्हणजे अ तुकडीला झोपायलापण वेगळं,” ती म्हणाली, आणि जुडीतलं एक कुजकं पान बाजूला टाकलं. आईनं तीस वर्षं शाळेत शिकवलं. तुकड्या पाडणं आणि मग क तुकडीतलाच कुणीतरी नगराध्यक्ष होऊन बक्षीस समारंभाला येणं, हे दोन्ही तिनं पाहिलेलं आहे.

हॉस्टेलचं नाव निघालं आणि मला सेक्रेटरींच्या पुढच्या संकटाची आठवण झाली. कारण इकडं चिरंजीवाला प्रवेश मिळाला होता. पर्यायांच्या यादीत तीनशेपर्यंत नावं भरता येतात. सेक्रेटरींनी ती एका काउन्सेलरकडून पैसे देऊन भरून घेतली होती, मग रात्री दोनला उठून त्यातला चौथा आणि पाचवा पर्याय स्वतः उलटे केले होते. 2025 पासून फेऱ्या चार झाल्या आहेत. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप गळ्यात पडतो, दुसरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला. सरकारनं मनुष्यस्वभाव ओळखून ही तजवीज केलेली असावी. नाहीतर आपल्याकडची माणसं मिळालेलं धरून ठेवत नाहीत आणि सोडतही नाहीत. चिरंजीवाला तिसऱ्या फेरीत शहरातल्या एका नामवंत कॉलेजात जागा मिळाली, आणि पेढे वाटून होतात न होतात तोच त्यानं जाहीर केलं: मी हॉस्टेलला राहणार.

यात त्याचं काही चुकलं नाही. अठराव्या वर्षी माणसानं हॉस्टेलला राहावं. मेसच्या आमटीला नावं ठेवावीत, पार्टनरची चप्पल घालून सबमिशनला पळावं, रात्री दोनला ऑम्लेट शोधत फिरावं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली तेव्हा शहरात राहायला जागाच नसलेली खेड्यातली पोरं शिकली. पुण्यातही कितीतरी पिढ्या वार लावून जेवल्या. सेक्रेटरींचा मुलगा यांपैकी कशात बसत नव्हता. त्याला फक्त आईपासून लांब जायचं होतं, आणि इंदूर प्रकरणानंतर घरातली हवा पाहता ते कारणही काही लहान नव्हतं.

अडचण अशी की त्या कॉलेजात हॉस्टेलच्या खोल्या थोड्या आणि मुलं फार. आधी गुणवत्ता पाहणार, मग अंतर; आणि महापालिका हद्दीतल्यांचा विचार सगळ्यात शेवटी. अर्ज लिहायला सेक्रेटरी माझ्याकडं आले.

मी लिहिलं: ‘राहणार सूस, पुणे शहर.’

“शहर काढा.”

“मग काय लिहू?”

“मुक्काम पोस्ट सूस, तालुका मुळशी.”

हेच ते गृहस्थ. यांनीच सोसायटीच्या कमानीवर ‘बाणेर ॲनेक्स’ ही अक्षरं एलईडीत बसवून घेतली. कुणी ‘सूसगाव’ म्हटलं की ‘गाव नाही हो आता’ असं यांचंच तोंड. मी लिहीत गेलो, ते सांगत गेले. सूस हे दुर्गम आहे. पावसाळ्यात खिंडीत गाड्या तासन्‌तास अडकतात. (हे खरं आहे.) पाण्याची सोय नाही. (हेही खरं आहे.) परिसर डोंगराळ असून संध्याकाळनंतर वाहन मिळत नाही. (मिळतं, पण ते लोणावळ्याचं भाडं घेतं.) ‘वन्य प्राण्यांचा वावर’ असंही त्यांना घालायचं होतं. त्यांच्या मनात मोर होते. मी म्हटलं मोरानं प्रवेश मिळायचा नाही.

अंतराचा रकाना आला. फोनवर नकाशा उघडला तर बारा-तेरा किलोमीटर दिसायला लागलं. सेक्रेटरींनी फोन माझ्या हातून घेतला, दोन बोटांनी नकाशा ओढला, नांदे, लवळे, पिरंगुट, चांदणी चौक असं वळण घालून कॉलेज गाठलं, आणि आकडा दुपटीच्या पुढं गेल्यावर समाधानानं मान हलवली. “पावसाळ्यात आम्ही असंच जातो,” ते म्हणाले. आवाजात इतकी सच्चाई होती की मीच क्षणभर आठवू लागलो, आपण पण असेच जातो का.

हॉस्टेलच्या कार्यालयानं अर्ज वाचला. शेवटच्या पानावर त्यांनी महापालिकेची मालमत्ता कराची पावती जोडायला सांगितली. ती सेक्रेटरींकडं होती, नियमित भरलेली, सवलतीच्या मुदतीत. प्रामाणिकपणा असा आडवा येतो. नाव यादीत लागलं नाही. अंतरावर नाही आणि 98.8 वर तर नाहीच. हॉस्टेलची अ तुकडी नव्याण्णवच्या वर कुठंतरी बंद झाली होती. दादांच्या धाकट्याला त्याच कॉलेजात सिव्हिल मिळालं होतं. त्यानं हॉस्टेलचा फॉर्मच भरला नाही. पहाटे दूध घालून तो मोटरसायकलवर वीस मिनिटांत पोचतो म्हणे, आणि पहिल्या बाकावर बसतो.

चिरंजीवानं मात्र हट्ट सोडला नाही. हॉस्टेल नाही तर नाही, बाहेर खोली बघा. आमच्या भागात खोल्यांना तोटा नाही. लवळ्याच्या डोंगरावर शिकायला येणारी दिल्ली, कोलकाता, लखनौची मुलं वर मावली नाहीत की खाली सूसला उतरतात. जमीन विकून आलेल्या पैशांतून दादांनी दोन मजली इमारत बांधून पीजी काढलंय. प्रत्येक खोलीत दोन कॉट, गीझर, वायफाय, खाली मेस, आणि दारावर पाटी: रात्री अकरानंतर गेट बंद. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून. सेक्रेटरींना वाटलं, यापरतं उत्तम काय? पोरगं घराबाहेरही आणि बाल्कनीतून दिसतंयही.

संध्याकाळी आम्ही गेलो. दादा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. चहा झाला. सेक्रेटरींनी विषय काढला. पैशांची अडचण नाही, डिपॉझिट आजच देतो, मुलगा निर्व्यसनी आहे, 98.8 आहे. दादांनी सगळं ऐकून घेतलं, सातही दशांशांसकट.

“साहेब, तुमच्याशी खोटं नाय बोलणार,” ते म्हणाले. “खोली हाय. पण आपण लोकल पोरांना देत नाय. बाहेरच्या राज्यातला पायजे.”

“अहो पण का?”

“मागल्या वर्षी दिली होती एका बावधनच्या पोराला. दिवसातून तीनदा आई डबा घेऊन यायची. बाकीच्या पोरांनी माझी मेस सोडली.”

सेक्रेटरी जरा गप्प बसले. मग पिशवीत हात घालून त्यांनी शाळेचा दाखला बाहेर काढला आणि जन्मस्थळाच्या रकान्यावर बोट ठेवून दादांपुढं धरला.

“इंदूर,” ते म्हणाले. “मध्य प्रदेश.”